बाळाच्या आतल्या कानाची तपासणी: बेरापासून एमआरआयपर्यंत काय, कधी, कसं करून घ्यायचं

जन्मानंतरच्या कानाच्या तपासणीत ज्यांच्या बाळाचा रिपोर्ट "रेफर" (म्हणजे पास नाही, पुढची तपासणी करा) आलाय, किंवा ज्यांचं वर्ष-दीड वर्षाचं पोर हाकेला वळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही, कारण तिच्या आतल्या कानाची बांधणीच पोटात असताना अपुरी राहिली. आम्ही तासगावकडचे, त्यामुळं मिरज, सांगली, कराड, मग पुणं असा सगळा प्रवास झाला. या सगळ्यात एक गोष्ट पक्की कळली, ती आधीच सांगते. मुलाला किती ऐकू येत नाही हे मशिनवर लवकर कळतं, पण का ऐकू येत नाही हे स्कॅन केल्याशिवाय कळत नाही, आणि पुढचे सगळे निर्णय, म्हणजे कानाची मशीन चालेल का, इम्प्लांट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र) बसेल का, बसला तर कितपत उपयोग होईल, हे सगळं त्या "का" वर अवलंबून असतं. म्हणून तो प्रश्न सोडू नका.

आधी एवढं माहीत असू द्या

आतल्या कानात दोन कामं चालतात, ऐकायचं आणि तोल सांभाळायचं. ऐकायचा भाग म्हणजे कॉक्लिया, गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची असते. तिच्यातून निघणारी नस एका बारीक हाडाच्या बोगद्यातून मेंदूकडं जाते. हे सगळं घडायला गर्भाच्या चौथ्या आठवड्यात सुरुवात होते आणि कॉक्लियाचे वेढे साधारण आठ ते दहा आठवड्यांत पूर्ण होतात. त्या काळात वाढ जिथं थांबली किंवा वाकडी गेली तसा दोष राहतो.

आता हा हिशोब घरातल्या मोठ्यांना नक्की सांगा. बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं कळतं तेव्हा कान बनायला सुरुवात झालेली असते. ग्रहण पाळलं नाही, भाजी चिरली, पपई खाल्ली, शेतात वाकून काम केलं, यातल्या कशानं कॉक्लियाचे वेढे कमी पडत नाहीत. कारण बहुतेक वेळा जनुकातलं असतं, ते आई आणि बाप दोघांकडून येऊ शकतं, आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. सुनेला बोल लावणं पहिल्या दिवशी बंद झालं पाहिजे, कारण पुढचे कितीतरी महिने तिलाच पोराला घेऊन फिरायचं असतं.

अजून एक. जन्मजात नसेच्या बहिरेपणातल्या साधारण ५ पैकी १ मुलातच स्कॅनवर हाडाच्या बांधणीचा दोष दिसतो. बाकीच्यांत बहुतेकदा बिघाड पेशींच्या पातळीवर असतो आणि स्कॅन स्वच्छ येतो. म्हणजे स्कॅन नॉर्मल आला म्हणून कान नॉर्मल, असं होत नाही.

१. थाळी वाजवून बघणं थांबवा, ओएई आणि बेरा करा

प्रत्येक घरात हे होतं. पाठीमागून थाळी वाजवायची, दार आपटायचं, पोरगं दचकलं की "ऐकू येतंय की, उगं घाबरताय". पोराला हादरा जाणवतो, सावली दिसते, हवा लागते, ते वळतं. शिवाय काही मुलांना मोठे जाड आवाज ऐकू येतात आणि बोलणं अजिबात ऐकू येत नाही. तसंच "याचा बाप पण तीन वर्षानं बोलायला लागला", "जीभ जड आहे, वेखंड उगाळून द्या" हे पण ऐकावं लागेल. ऐका, वाद घालू नका, आणि तपासणीची तारीख घ्या. ओएई आणि बेरा या मशिनवरच्या दोन तपासण्या आहेत, ओएई कॉक्लियातल्या पेशी तपासते आणि बेरा नसेचा प्रतिसाद.

डॉक्टर लोक १-३-६ चा नियम सांगतात: पहिल्या महिन्यात स्क्रीनिंग, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. आपल्या गावाकडं हे क्वचित जमतं, पण तुमचं बाळ आता आठ महिन्यांचं असेल तर उशीर झाला म्हणून रडत न बसता याच आठवड्यात जा.

सरकारी वाट हवी असेल तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, तिच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहेच. त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या सिव्हिलला जाता येतं, तिथं शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठं आहे ते विचारा. टीमची वाट बघायची गरज नाही, आशाताईंना सांगून थेट गेलं तरी चालतं. मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कराडला मोठं हॉस्पिटल आहे, पण निघायच्या आधी फोन करून बेराचं मशीन चालू आहे का आणि ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे) कोणत्या वारी असतात हे विचारूनच निघा.

२. बेराला जाताना

बेरा म्हणजे डोक्याला आणि कानामागं तारा चिकटवून, कानात आवाज सोडून, नस आणि मेंदूचा खालचा भाग काय प्रतिसाद देतो ते बघायचं. दुखत नाही. पण पोर गाढ झोपलेलं लागतं, आणि इथंच सगळ्यांची दमछाक होते.

आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा. आणि वाटेत झोपू देऊ नका! एसटीत किंवा गाडीत बसलं की पोर दहा मिनिटांत झोपतं, दवाखान्यात पोचल्यावर टकाटका बघत बसतं आणि मग औषध देऊनही झोपत नाही. एक माणूस खास त्याला जागं ठेवायला सोबत घ्या, खेळवायला, तोंडावर ओला हात फिरवायला. तपासणीच्या खोलीत गेल्यावर पोटभर पाजा आणि मग झोपवा, झोपेचं औषध देणार असतील तर पाजायचं का ते आधी विचारा.

आदल्या दिवशी डोकं धुवा आणि तेल लावू नका. आपल्याकडं बाळाची टाळू तेलानं भरायची सवय असते, त्या तेलावर तारा चिकटत नाहीत, मग घासून घासून साफ करतात आणि तेवढ्यात पोर जागं होतं. कपाळावरची तीट, काजळ पण त्या दिवशी नको.

झोपेचं औषध दवाखान्यातच, त्यांच्या देखरेखीखाली द्यायचं, मेडिकलमधून आणून घरून पाजून न्यायचं नाही.

बेराच्या आधी कानाचा पडदा बघून इम्पिडन्स टेस्ट करून घ्या. पडद्यामागं पाणी साठलं असेल तर बेरा जास्त खराब येऊ शकतो. पण "सर्दी आहे, तीन महिन्यांनी या" असं दोन-तीनदा झालं तर तिथं थांबू नका, त्यात वर्ष जातं. पाण्यावर उपचार चालू ठेवून नसेची तपासणी पुढं नेता येते का, हे कानाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

३. रिपोर्टमध्ये काय बघायचं

बेराच्या आलेखात "पाचवी वेव्ह", म्हणजे पाचवी लाट, किती डेसिबलपर्यंत दिसली ते बघा. चांगल्या कानात ती ३० डेसिबलच्या आसपासपर्यंत दिसते. ९० ला पण दिसली नाही तर तीव्र दोष असण्याची शक्यता, पण शून्य ऐकू येतं असा त्याचा अर्थ नाही, कारण साधी बेरा मुख्यतः वरच्या पट्टीतला आवाज तपासते. म्हणून एएसएसआर किंवा टोन बर्स्ट बेरा पण मागा, त्यात वेगवेगळ्या पट्ट्यांचा अंदाज येतो.

आता सगळ्यात मोठा सापळा. ओएई फक्त कॉक्लियातल्या बारीक पेशी तपासते, नस तपासत नाही. त्यामुळं नस बारीक असलेल्या किंवा नसलेल्या मुलाची सुद्धा ओएई "पास" येऊ शकते. ओएई पास पण बेरा येत नाही, असा रिपोर्ट हातात आला तर "मशीनची चूक असेल" म्हणून सोडू नका. हा नसेचा प्रश्न असू शकतो आणि अशा मुलाचा एमआरआय व्हायलाच पाहिजे.

४. मशीन लगेच लावा

स्कॅन, जनुक तपासणी, दुसरं मत, यातल्या कशासाठी कानाची मशीन लांबवू नका. तीव्र दोष असला तरी आधी मशीनचा ट्रायल लागतोच आणि इम्प्लांटवाले त्याचा रिपोर्ट मागतात. लहान बाळाचा कान भराभर वाढतो, मोल्ड (मशीनचा कानात बसणारा साचा) काही महिन्यांत सैल होतो, शिट्टी वाजायला लागली की मोल्ड बदला. स्पीच थेरपी आणि खुणांची भाषा दोन्ही सुरू करा. खुणा शिकवल्या तर पोर बोलणार नाही, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका, पोराला आज आईशी बोलायचंय, दोन वर्षांनी नाही.

५. स्कॅन: चिठ्ठीवर नक्की काय लिहिलंय ते बघा

इथं जरा सावकाश वाचा.

दोन स्कॅन असतात. एचआरसीटी टेम्पोरल बोन म्हणजे कानाच्या हाडाचा बारीक सिटी. त्यात हाड दिसतं: कॉक्लियाचे वेढे किती, नसेचा बोगदा अरुंद आहे का, चेहऱ्याची नस कुठून जाते. काही मिनिटांत होतो, पण एक्सरेचे किरण असतात. एमआरआयमध्ये आतलं पाणी आणि प्रत्यक्ष नस दिसते. किरण नाहीत, पण बराच वेळ लागतो, आवाज प्रचंड असतो, म्हणून लहान मुलाला भूल किंवा झोपेचं औषध लागतं. कोणता आधी, की दोन्ही एकदम, हे डॉक्टर ठरवतील. पण नस आहे की नाही हे सिटीवरून खात्रीनं सांगता येत नाही. बोगदा अरुंद दिसला तर शंका येते, तेवढंच.

चिठ्ठीवर नुसतं "एमआरआय ब्रेन" लिहिलेलं असलं तर परत आत जा. साध्या ब्रेनच्या एमआरआयमध्ये जाड काप घेतात, त्यात ही नस नीट दिसत नाही. आमच्या मुलीचा पहिला एमआरआय असाच झाला, भूल, उपास, पैसे सगळं झालं आणि रिपोर्टवर एक ओळ होती की आतला कान नॉर्मल. पुढं दुसरीकडं नीट काप घेऊन तोच तपास झाला तेव्हा एका बाजूची नस बारीक आणि दुसरीकडची दिसतच नाही, असं निघालं. म्हणून चिठ्ठीवर हे लिहून घ्या: आतल्या कानाचा आणि नसेच्या बोगद्याचा एमआरआय, बारीक कापांचा थ्रीडी टी-टू सिक्वेन्स, ज्याला काही मशीनवर सिस आणि काहींवर फिएस्टा म्हणतात, आणि दोन्ही बाजूंचे तिरके सॅजिटल काप. जमलं तर ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन असलेलं सेंटर शोधा, नसेल तर १.५ वर पण नीट काप घेतले तर काम होतं. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर ही चिठ्ठी वाचून दाखवा आणि "असं करता का" विचारा. लहान मुलांची भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी असतात का, हे पण त्याच फोनमध्ये.

तिरक्या कापात बघायचं काय असतं ते एका रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मला स्क्रीनवर दाखवलं. काळा-पांढरा फोटो, मधे पाण्याचा पांढरा गोल, आणि त्या गोलात चार काळे ठिपके. पुढं वरचा ठिपका चेहऱ्याच्या नसेचा, पुढं खालचा ऐकायच्या नसेचा, मागचे दोन तोलाच्या नसांचे. ऐकायचा ठिपका चेहऱ्याच्या नसेएवढा किंवा त्याहून मोठा दिसला पाहिजे. मॅडमनी बोट ठेवलं तिथं तीनच ठिपके होते. एवढं बघितल्यावर मला रिपोर्टमधला प्रत्येक शब्द कळायला लागला. तुम्ही पण विचारा, "मॅडम, चार ठिपके दाखवता का?" चांगले डॉक्टर दाखवतात.

भुलीच्या दिवशी किती तास आधी दूध बंद करायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील, साधारणपणे अंगावरचं दूध चार तास आणि वरचं दूध सहा तास आधी थांबवतात. प्रेमापोटी आजीनं मधेच दोन घोट पाजले तर तपासणी रद्द होते, म्हणून आजीला आधीच समजावून ठेवा. सर्दी, कफ, ताप असेल तर आदल्या दिवशी कळवा. वाळे, बिंदल्या, करदोट्यातला ताईत, कानातली बाळी, सगळं घरी काढून ठेवा, धातू आत चालत नाही. कान टोचल्यावरची तार घट्ट बसलेली असते, ती सोनाराकडून आधी काढून आणा.

आणि सीडी. नुसती फिल्म आणि रिपोर्ट घेऊन येऊ नका, सीडी मागा, घरी येऊन कॉपी करून पेनड्राईव्हवर ठेवा. दुसरं मत घेताना डॉक्टर रिपोर्टपेक्षा सीडी बघतात.

६. रिपोर्टमधली नावं

घाबरायच्या आधी वाचा. रिपोर्टमध्ये ही नावं येतात:

मिशेल अप्लेजिया: आतला कान बनलेलाच नाही. कॉक्लियर अप्लेजिया: कॉक्लिया नाही. या दोन्हीत कॉक्लियर इम्प्लांट बसवायला जागाच नसते.

कॉमन कॅव्हिटी: कॉक्लिया आणि तोलाचा भाग वेगळे न होता एकच पोकळी. हायपोप्लेजिया: कॉक्लिया आहे पण लहान.

इनकम्प्लीट पार्टिशन १, २, ३: आतल्या भिंती अपुऱ्या. यातला दुसरा प्रकार मोंदिनीशी जोडला जातो, इटलीच्या कार्लो मोंदिनींनी १७९१ मध्ये एका बहिऱ्या मुलाच्या कानाचं वर्णन केलं होतं त्यावरून. जुने डॉक्टर कुठल्याही दोषाला सरसकट "मोंदिनी" म्हणतात, तेव्हा नक्की कोणता प्रकार ते विचारा. आजकाल तुर्कस्तानचे कानाचे डॉक्टर सेनारोग्लू यांची वर्गवारी वापरतात.

एन्लार्ज्ड व्हेस्टिब्युलर अॅक्विडक्ट, ईव्हीए: एक बारीक नळी रुंद असते, मधोमध १.५ मिमीपेक्षा जास्त (काही ठिकाणी १ मिमीची मर्यादा धरतात). यात मूल जन्मतः बरंच ऐकत असू शकतं आणि नंतर डोक्याला मार लागल्यावर किंवा तापानंतर अचानक ऐकणं कमी होतं. जन्मानंतरची तपासणी पास झालेली असते म्हणून कुणाला शंका येत नाही. अशा मुलांना डोक्याला मार बसेल असे खेळ टाळायला सहसा सांगतात, आणि आपल्या भागात कुस्ती-कबड्डी म्हणजे घरचंच, तेव्हा तालमीत घालायच्या आधी डॉक्टरांशी बोला. अचानक ऐकू कमी यायला लागलं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडं.

कॉक्लियर नर्व्ह हायपोप्लेजिया किंवा अप्लेजिया: नस बारीक किंवा नाही. कॉक्लिया दिसायला अगदी व्यवस्थित असून सुद्धा हे असू शकतं.

आणि ही गोष्ट मनात पक्की ठेवा. यातल्या काही दोषांत मेंदूभोवतीचं पाणी आतल्या कानात येऊ शकतं आणि मेंदूज्वराचा धोका असतो. नाकातून किंवा कानातून स्वच्छ पाण्यासारखं गळतंय, मूल पुन्हा पुन्हा मेंदूज्वरानं आजारी पडतंय, तर ते साधी सर्दी समजू नका, तातडीनं मोठ्या दवाखान्यात जा. न्यूमोकोकलची लस सरकारी लसीकरणात आहे, एकही डोस चुकवू नका, आणि इम्प्लांट होणार असेल तर वरच्या डोसांबद्दल विचारा.

७. कानाशिवाय काय तपासायचं

मान उशिरा धरली, उशिरा बसलं, चालताना फार पडतं, हे कानाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. तोलाचा भाग पण बिघडलेला असेल तर असं होतं. आम्ही आधी हातापायांची ताकद कमी आहे म्हणून व्यायाम करून घेत होतो, कानाशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता.

डोळे प्रत्येक बहिऱ्या मुलाचे तपासून घ्या, त्याचं सगळं जग डोळ्यांवर चालतं. तीव्र दोष असेल तर एक ईसीजी. ईव्हीए असेल तर थायरॉइड. कानापुढं किंवा मानेवर बारीक छिद्र असेल तर किडनीची सोनोग्राफी. आतल्या कानातल्या तोलाच्या अर्धवर्तुळाकार नलिका नाहीत असं रिपोर्टमध्ये असेल तर हृदय आणि डोळे नीट बघतात. जनुक तपासणी महाग असते, परवडत असेल आणि डॉक्टरांनी सुचवली तर करा.

८. इम्प्लांटच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

"इम्प्लांट बसेल का" एवढंच विचारू नका. दोन्ही कानांत नस आहे का, कोणत्या कानात जास्त चांगली? अशा बांधणीच्या कानात तुम्ही आधी इम्प्लांट केलेत का? ऑपरेशनमध्ये मेंदूभोवतीचं पाणी जोरात बाहेर येण्याची शक्यता किती, आणि त्याची तयारी काय? चेहऱ्याची नस नेहमीच्या जागी आहे का? कोणती इलेक्ट्रोड (इम्प्लांटची कॉक्लियात जाणारी तार) वापरणार आणि का? नस बारीक असेल तर फायदा कितपत अपेक्षित धरायचा? "सगळी मुलं बोलतातच" असं उत्तर आलं तर दुसरं मत घ्या. नसच नसेल तर मेंदूच्या खालच्या भागावर बसवायचा वेगळा इम्प्लांट असतो, तो देशात मोजक्याच ठिकाणी होतो.

९. फाइल

एकच जाड फाइल करा, तारखेप्रमाणं लावा:

- प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, माता-बाल कार्ड, काचेत ठेवलं असेल तर तिथले कागद
- ओएई, इम्पिडन्स, बेरा, एएसएसआरचे मूळ रिपोर्ट आलेखासकट
- सिटी-एमआरआयच्या सीडी
- लसीकरणाचं कार्ड
- मशीनचा ट्रायल रिपोर्ट, थेरपीची वही
- जन्मदाखला, बाळाचं आणि आईबापाचं आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला (मुदत बघून घ्या), फोटो
- यूडीआयडी कार्ड (दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र), त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिलला तपासणी, बोर्डाचा वार आधी विचारून जा

इम्प्लांटसाठी केंद्राची एडीआयपी (दिव्यांगांना साधनं मिळवून देणारी) योजना आहे, मुंबईची अली यावर जंग संस्था ते काम बघते. जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलांसाठी त्यात पाच वर्षांच्या आतलं वय लागतं, त्यामुळं कागद आजच गोळा करायला घ्या. दाखल्यांवर नावाचं स्पेलिंग सगळीकडं एकच आहे का बघा, एका अक्षरासाठी अर्ज परत येतो.

१०. पुढचं बाळ

आपल्याकडं मामाच्या मुलीशी, आतेमामे नात्यात लग्नं होतात, तिथं एकाच जनुकाच्या दोन बिघडलेल्या प्रती मुलात येण्याची शक्यता वाढते. नात्यात नसलेल्या जोडप्यात पण हे होतं, म्हणून कुणी कुणाला बोल लावू नये. पण दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या, पहिल्या मुलाचे रिपोर्ट सोबत न्या. गरोदरपणातल्या नेहमीच्या सोनोग्राफीत आतल्या कानाचे हे दोष कळत नाहीत, "सोनोग्राफी नॉर्मल आहे" यावर विसंबू नका. आणि ते बाळ जन्मलं की पहिल्या महिन्यातच नुसती ओएई नाही, बेरा पण करून घ्या, भावंडाचा इतिहास चिठ्ठीवर ठळक लिहायला सांगून.